पेत्राची तक्रार



पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. सोबत त्यांची लहानगी मुलगी मनोरमा होती. संस्कृत मुखोद्गत असलेली आणि कलकत्त्याच्या विद्वानांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई पूर्ण विचारांती ख्रिस्ती झाली होती. भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. बालविधवांना आसरा दिला, शिकवले, आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. ख्रिस्ती माणसाने जे करावे असे आपण म्हणतो, ते सगळे त्या करत होत्या.

आणि १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्याच रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. धर्माची तत्त्वे पटली होती, उपासना चालू होती, सेवाही चालू होती. फक्त ज्याच्यासाठी हे सारे, त्याच्याशी गाठ पडली नव्हती. त्या काळात विल्यम हास्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. या हास्लमची हकिगत विलक्षण आहे. १८५१ साली कॉर्नवॉलमधल्या आपल्याच चर्चमध्ये प्रवचन करताना, स्वतःच्याच शब्दांनी, त्याचे मन पालटले. तोवर तो लोकांना जे सांगत आला होता, ते त्या दिवशी त्याला स्वतःला ऐकू आले. रमाबाईंनी ते वाचले आणि त्या स्वतःला तपासू लागल्या.

मला या कबुलीचे फार मोल वाटते. रमाबाई तेव्हा जगप्रसिद्ध होत्या. आपण बुद्धीने ख्रिस्ती झालो होतो, मनाने अजून व्हायचे होते, हे छापून सांगण्याची त्यांना काहीच गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितले, कारण त्यांच्या मते याहून महत्त्वाचे सांगण्यासारखे दुसरे काही नव्हते.

आता रमाबाईंची ही कबुली वसईच्या पाचूबंदरला, आपल्या कोळीवाड्यात, का सांगायची? कारण आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. डोक्यावर पाणी पडले तेव्हा आपण रडत होतो किंवा झोपलो होतो. पुढे पहिला ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, लग्न. आणि शेवटी आपल्याच माणसांच्या खांद्यावरून चर्चकडे. सगळे ठरलेले. रमाबाईंनी धर्म शोधून घेतला आणि तरी त्यांना आठ वर्षे लागली. आपल्याला तर तो घर, होडी, आडनाव यांच्यासोबत वारशाने मिळाला. वारशाने आलेला देव आपला स्वतःचा केव्हा होतो? आजच्या व्याख्यानात मला एवढेच बोलायचे आहे.

आपल्या वारशाबद्दल आधी खरे बोलू. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढची दोनशे वर्षे इथे त्यांचे राज्य होते. त्या राज्यात आपले पूर्वज ख्रिस्ती झाले. कुणी श्रद्धेने झाले असतील, कुणी सत्तेच्या धाकाने, कुणी सवलतीसाठी, कुणी शेजारी झाला म्हणून. आज कुणाचे काय हे निवडून काढता येणार नाही, आणि सगळे श्रद्धेनेच झाले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. सत्ता गेली. किल्ल्यातली उंच चर्चे ओस पडली. त्यांच्या घंटा मराठी सरदारांनी नेल्या; नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही दिसतात. धाकाने झालेला ख्रिस्ती त्या दिवशी मोकळा झाला होता. सवलत देणारा उरला नव्हता. तरीही वसईच्या गावागावांतले ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले. ज्याने ख्रिस्तीपण जुलमामुळे घेतले असेल त्याच्या नातवाने ते आपखुशीने ठेवले. माझ्या मते आपली खरी सुरुवात १५३४ पेक्षा १७३९ मध्ये आहे.

त्याच किल्ल्याच्या परिसरात वाढलेला एक मुलगा आपल्याला ठाऊक आहे. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेज्विट पाद्र्यांजवळ तो शिकला, त्यांच्यासोबत जपानला गेला, तिथली भाषा उत्तम बोलू लागला आणि कितीतरी वर्षे त्यांचा धर्मशिक्षक म्हणून राबला. त्याला त्यांच्या संघात प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही. मग तो व्यापारी झाला, चांगला पैसा मिळवला. इथे त्याची गोष्ट संपली असती तर कुणी त्याला दोष दिला नसता. पण तो मनिलाला गेला, फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला, १५९३ मध्ये दुभाषा होऊन पुन्हा जपानला आला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांसोबत क्रुसावर गेला. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले. त्याच्या नावाचे कॉलेज वसईत आहे, आपली मुले तिथे शिकतात. त्या मुलांना मला एक सांगावेसे वाटते: गोन्सालोला माणसांनी दाराबाहेर ठेवले, तेव्हा देवानेही ठेवले असे त्याने मानले नाही. चर्चमधल्या कुणा माणसाच्या वागण्याने दुखावून देवाचीच वाट सोडलेले कितीजण आपल्या ओळखीचे आहेत! त्यांचे दुखणे खरे असते. त्यांच्यासाठी या वसईकराकडे पाहावे.

आता मी पेत्राकडे येतो, आणि इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण येशूचा हा शिष्य मच्छीमार होता, म्हणून पेत्र तुमचा आहे. शुभवर्तमानातल्या कुठल्याही शास्त्र्याला जे कळणार नाही ते पेत्राबद्दल तुम्हाला कळेल.

१९८६ साली दुष्काळात गालीलच्या तळ्याचे पाणी खूप ओसरले आणि काठच्या चिखलात दोन मच्छीमार भावांना एक जुनी होडी सापडली. अंदाजे येशूच्याच काळातली. सव्वाआठ मीटर लांब, सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद. तिच्यात दहाबारा प्रकारचे लाकूड निघाले. म्हणजे मिळेल ती फळी लावून, डागडुजी करत करत चालवलेली गरिबाची होडी. पेत्र बसला तो अशाच होडीत. आणि ते तळे एकवीसेक किलोमीटर लांबीचे, आपल्या दर्यापुढे लहान. पण डोंगरांच्या खोलगटात असल्याने वारा अचानक उतरतो आणि पाणी उसळते.

पेत्राची आणि येशूची शुभवर्तमानात पुष्कळ बोलणी आहेत. त्यांतली तीन घेऊ.

पहिले लूकच्या पाचव्या अध्यायात आहे. रात्रभर जाळी टाकून काही मिळालेले नाही. सकाळी किनाऱ्यावर जाळी धुणे चालू आहे. रिकाम्या हाताने आल्यावर जाळी धुण्याचा तो वैताग इथे कुणाला सांगायला नको. अशा वेळी नासरेथचा एक सुतार येतो, होडीत बसून लोकांना उपदेश करतो आणि मग पेत्राला सांगतो, खोल पाण्यात चल, जाळी टाक. पेत्र आधी बोलून दाखवतो की रात्रभर राबलो, काही लागले नाही. मग म्हणतो, तू सांगतोस म्हणून टाकतो. जाळी फाटायची वेळ येते, जोडीची होडी बोलवावी लागते. आणि मग पेत्र काय करतो? मासे मोजत नाही. गुडघ्यावर पडतो आणि म्हणतो, प्रभू, माझ्यापासून दूर जा, मी पापी आहे. देव खरोखर जवळ आला की माणसाला आनंदाआधी भीती वाटते. लूकने हे लपवले नाही.

दुसरे बोलणे मार्कच्या चौथ्या अध्यायात. वादळ. लाटा होडीत येताहेत. येशू नाळेपासून दूर, मागच्या बाजूला, उशाशी काहीतरी घेऊन झोपलेला. शिष्य त्याला हलवून उठवतात आणि जे बोलतात त्याला शिष्टाचाराची प्रार्थना म्हणता येणार नाही. आम्ही बुडतोय आणि तुला काहीच नाही का त्याचे, असा सरळ बोल ते लावतात. येशू उठतो, वाऱ्याला दटावतो, समुद्र शांत होतो. त्यानंतर तो त्यांना विचारतो, तुम्ही इतके का भ्यालात, अजून विश्वास नाही का? मत्तयाने हा क्रम उलटा दिला आहे, आधी कानउघाडणी, मग वारा शांत. मला मार्कचा क्रम जवळचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. मार्कने आपले शुभवर्तमान पेत्राच्या आठवणींवरून लिहिले अशी फार जुनी परंपरा आहे. म्हणजे जो त्या होडीत होता त्याला काय लक्षात राहिले? आमची तक्रार त्याने आधी ऐकली, आणि बोलणी आम्ही नंतर खाल्ली, हे लक्षात राहिले.

मी या प्रसंगावर अनेकदा थांबलो आहे. आपण लहानपणापासून शिकलो की देवापुढे हात जोडायचे, डोळे मिटायचे, पाठ असलेले म्हणायचे. ते सगळे योग्यच. पण 'तुला काहीच नाही का' हे वाक्य शुभवर्तमानात आहे, आणि ते बोलणाऱ्यांना त्याने होडीतून उतरवले नाही. ज्याच्याशी आपले नातेच नाही त्याच्याशी आपण नम्रपणे बोलतो. नवऱ्याला, आईला, भावाला आपण रागाने विचारू शकतो, कारण नाते तुटणार नाही याची खात्री असते. मला वाटते, देवाशी असलेले वैयक्तिक नाते श्रद्धेच्या मोठ्या उमाळ्यात सुरू होत नाही. ते पहिल्या खऱ्या तक्रारीत सुरू होते. तोवर आपण देवाबद्दल बोलत असतो. त्या दिवशी प्रथम देवाशी बोलतो.

तिसरे बोलणे योहानाच्या शेवटच्या अध्यायात. पुनरुत्थानानंतर पेत्र पुन्हा मासेमारीला गेला आहे. पुन्हा रिकामी रात्र. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासे, भाकर. याआधी योहानाने कोळशाचा विस्तव एकदाच दाखवला आहे: महायाजकाच्या वाड्यात, जिथे शेकत उभा राहून पेत्राने त्याला ओळखत नाही म्हणून सांगितले. आता तशाच विस्तवाशेजारी न्याहारी झाल्यावर येशू त्याला जुन्या घरगुती नावाने, बापाच्या नावासकट, हाक मारतो आणि तीनदा विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? 'तू असे का केलेस' हा प्रश्न येतच नाही. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटते. तो म्हणतो, तुला सगळे ठाऊक आहे. आणि प्रत्येक वेळी उत्तराला लागून काम येते: माझी मेंढरे चार.

याच्या पुढचे दोनचार ओळींचे संभाषण आपण सहसा वाचत नाही. पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे पाहतो आणि विचारतो, याचे काय? येशू म्हणतो, त्याचे तुला काय, तू माझ्यामागे ये. आज प्रार्थनासभांमधून पुष्कळ साक्षी ऐकायला मिळतात. कुणाला दर्शन झाले, कुणाचा आजार गेला, कुणाची दारू सुटली. ऐकणाऱ्याच्या मनात कधीकधी येते, मला असे काहीच होत नाही, माझा विश्वास कमी असेल. त्याला पेत्राला मिळालेले हेच उत्तर लागू आहे. देवाचे प्रत्येकाशी बोलणे वेगळे. दुसऱ्याचे माप आपल्याला लावायचे नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे गालीलचे झाले. मग आपल्या वाळवणावर चला. बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टाकलेले असतात. नीट सुकायला काही दिवस कडक ऊन हवे. मधेच अवकाळी पाऊस आला तर सगळा माल खतालाच जातो, आणि त्यासोबत दुकानदाराचे देणे, मुलांची फी, डिझेलची उधारी. आभाळ काळे झाल्यावर वलांडीखाली उभी असलेली बाई जे बोलते ते मी ऐकले आहे. ती मारियामातेला नुसती विनंती करत नाही, तिच्याशी भांडते. गेल्या वेळी पण हेच केलेस, असे सुनावते. त्या बाईला विचारले तर ती म्हणेल, मला प्रार्थना येत नाही, मला फक्त जपमाळ येते. तिला कुणीतरी सांगायला हवे की ती बोलली ती प्रार्थनाच होती, आणि मार्कच्या शुभवर्तमानातल्या जातीची होती.

मराठी ख्रिस्ती माणसाला ही रीत परकी नाही. तुकोबांनी विठ्ठलाशी जे भांडण मांडले ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्या वसईतले, भुईगावचे बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर डॉक्टरेटचे संशोधन केले. त्यांचा ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा तेच पहिले बिशप झाले. एका कॅथलिक धर्मगुरूने देहूच्या वाण्याचा देव समजून घेण्यात उमेदीची वर्षे घालावीत, आणि त्यालाच या मातीतला पहिला बिशप नेमले जावे, हा मला आपल्या भूमीचा मोठा मान वाटतो. कवी नारायण वामन टिळकांनाही ख्रिस्ताची ओढ समजली ती त्यांचे मन तुकोबांच्या अभंगांतून गेले होते म्हणून. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांना आपण २५ जुलै २०२४ रोजी गमावले, त्यांनी 'सुबोध बायबल' लिहिले तेही याच विश्वासाने की देव आपल्याशी आपल्या भाषेत बोलतो.

टिळकांचे नाव निघाले, पण मला जास्त सांगायचे आहे ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी सांगितले आहे की एकदा एकट्या बसून विचार करताना त्यांना उमगले की जाती देवाने केलेल्या नाहीत, आणि त्या क्षणापासून त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे, प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. नवऱ्याने त्यांना वादात जिंकले नव्हते. हा निर्णय त्यांचा एकटीचा होता. आणि तो दिसला कुठे? पाण्याच्या भांड्यात. कुणाच्या घरचे पाणी आता चालते, यात. देवाशी जुळलेले नाते लगेच शेजाऱ्यापर्यंत पोचले.

म्हणूनच 'माझे देवाशी थेट नाते आहे, मला चर्च नको, माणसे नकोत' हे म्हणणे मला पटत नाही. पेत्राला प्रत्येक उत्तरामागे मेंढरे मिळाली. रमाबाईंचा अनुभव अंतर्मनातला, पण त्यातून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. दुष्काळात टाकून दिलेल्या मुलींना तिथे घर मिळाले. ज्या नात्यातून दुसऱ्या कुणालाच काही मिळत नाही, त्याबद्दल आपण शंका घ्यावी.

दुसरीही एक शंका घ्यावी. आपण नवस बोलतो, नोव्हेना करतो, बांद्र्याच्या मोतमाऊलीला मेणबत्ती नेतो. नडलेला माणूस मागणारच, आणि येशूने मागायला सांगितलेच आहे. पण नुसता हिशेब झाला, इतक्या नोव्हेना आणि त्याबद्दल इतके काम, तर तो व्यवहार होतो. व्यवहारात एकदा माल मिळाला नाही की गिऱ्हाईक दुकान बदलते. हल्ली काही लोक तसे देवाची दुकाने बदलताना दिसतात, आणि मला त्यांची काळजी वाटते. रिकाम्या जाळ्याच्या सकाळीही ज्याच्याशी बोलणे बंद होत नाही, तो देव आपला झाला असे समजावे.

आता माझी विनंती. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या असतात, पुरुष घरी असतात, जाळी विणणे चालू असते. एरवी दर्या आणि बाजार यांत जी माणसे एकमेकांना नीट भेटत नाहीत ती रोज रात्री एका घरात असतात. त्या दिवसांत जपमाळ झाल्यावर लगेच उठू नका. घरातल्या प्रत्येकाने, लहान मुलानेसुद्धा, आपल्या कोळी बोलीत, पाठ नसलेले एक वाक्य देवाला सांगावे. उपकार असेल तर उपकार, राग असेल तर राग. इतरांनी ते ऐकावे, सुधारू नये.

आणि आपल्या गावात ज्या घरचा माणूस दर्यावर गेला आणि परत आला नाही, त्या घरी या पावसाळ्यात एकदा जाऊन बसा. उपदेश करू नका, बायबलची वचने ऐकवू नका. त्या घरातल्या माउलीने देवाला बोल लावला, तर कृपा करून तिला गप्प करू नका.